शाळेतील कचरा जातो कुठे?

मुले ओला कचरा हिरव्या डब्यात टाकतात, सुका निळ्या डब्यात टाकतात आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही डबे एकाच घंटागाडीत रिकामे होतात. मग वेगळे करायचे कशाला? हा प्रश्न पालक विचारतात, शिक्षक विचारतात आणि चौथीतली मुले तर हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. डबे ठेवले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्या प्रत्येक शाळेपुढे तो कधी ना कधी येतोच. त्याचे उत्तर डब्यात सापडत नाही. वस्तू डब्यात पडण्याआधी काय घडते आणि डब्यातून निघाल्यावर ती कोणाच्या हाती जाते, हे पाहावे लागते. या प्रकरणात महाराष्ट्रातील साध्या प्राथमिक शाळेचा विचार केला आहे. पहिली ते चौथी किंवा पाचवीचे वर्ग, साठ-सत्तर मुले, दुपारची खिचडी, अंगणात एक-दोन झाडे आणि एक नळ, अशी ही शाळा.

1. आधी मोजमाप

कचरा कमी करायचा तर तो कशाचा बनला आहे, हे आधी कळले पाहिजे. त्याला यंत्र लागत नाही. एक जुनी ताडपत्री, भाजीवाल्याकडे असतो तसा ताणकाटा आणि दिवसभराचा सगळा कचरा एवढे पुरते. शाळा सुटण्याआधी कचरा ताडपत्रीवर पसरायचा, काठीने ढीग पाडायचे आणि प्रत्येक ढीग पिशवीत भरून तोलायचा. कचऱ्याला हात मोठ्यांनी लावावा, तेही हातमोजे घालून. मुलांनी आकडे फळ्यावर मांडावेत. असे सलग पाच दिवस केले की शाळेचे चित्र स्पष्ट होते.

प्राथमिक शाळेत बहुधा चार ढीग पडतात. पहिला खरकटे आणि भाजीच्या देठा-सालींचा, दुसरा पाचोळा आणि मातीचा, तिसरा कागदाचा आणि चौथा प्लॅस्टिकचा. चौथा ढीग दिसायला सर्वांत मोठा असतो, पण वजनाला सर्वांत हलका. वजन भरते ते पहिल्या दोन ढिगांचे. नजरेला सलते प्लॅस्टिक आणि गाडीचे वजन वाढवते खरकटे, ही गोष्ट तोलल्याशिवाय पटत नाही. ती पटली की कामाचा क्रम आपोआप ठरतो. पहिले दोन ढीग शाळेच्या आवारातच जिरू शकतात, तिसरा विकता येतो आणि चौथा मुळात कमी करावा लागतो.

2. वेगळे करायचे ते कधी?

मूठभर खडे तांदळात मिसळायला क्षण पुरतो, पण ते निवडायला दुपार जाते. कचऱ्याचेही तसेच आहे. कोरडा कागद ही रद्दी असते आणि तिला भाव असतो. त्याच कागदावर आमटी सांडली की तो कोणी घेत नाही. पाण्याची बाटली एकटी असली तर विकली जाते, खिचडीने माखली तर तिला धुणावळ लागते आणि मग ती परवडत नाही. म्हणून वस्तू हातातून सुटते त्या क्षणीच ती वेगळी पडायला हवी.

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी कचरा निर्माण होतो तिथेच तो ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन भागांत वेगळा करणे बंधनकारक केले. तिसऱ्या भागात वापरलेले सेल, बंद पडलेले दिवे, रंगांचे डबे, मुदत संपलेली औषधे अशा वस्तू येतात. शाळेत त्या थोड्याच असतात, पण नळीच्या जुन्या दिव्यात पारा असतो, त्यामुळे फुटलेली ट्यूबलाइट केराच्या टोपलीत टाकणे धोक्याचे आहे. अशा वस्तूंसाठी मुख्याध्यापकांच्या खोलीत एक झाकणाचे खोके ठेवावे आणि वर्षातून एक-दोनदा ते पालिकेच्या किंवा अधिकृत संकलन केंद्राच्या स्वाधीन करावे.

3. नेणारा कोण?

सुरुवातीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. वेगळा केलेला कचरा पुन्हा एकत्र होतो, कारण तो वेगळा नेणारा कोणी ठरवलेला नसतो. डबे विकत घेण्याआधी शाळेने गावातील किंवा पेठेतील भंगारवाल्याशी बोलावे. तो कोणता कागद घेतो, कोणते प्लॅस्टिक घेतो, किती किलो साठल्यावर येतो आणि काय मुळीच घेत नाही, हे विचारून यादी करावी. ही यादी गावागणिक बदलते. कारखाना जवळ असेल तिथे एखादी वस्तू विकली जाते, तीच वस्तू दूरच्या तालुक्यात वाहतूक परवडत नाही म्हणून पडून राहते. कोणते सुके जिन्नस साठवायचे, हे त्या यादीवरून ठरवावे.

पुण्यात या कामाला संघटित रूप आले. कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून तिचे सभासद दारोदार कचरा गोळा करू लागले. सुका कचरा निवडून विकणे हा त्या सभासदांच्या उत्पन्नाचा भाग असतो. म्हणजे शाळेने कागद कोरडा ठेवला तर त्याचे पैसे एखाद्या घरात पोहोचतात, ओला करून दिला तर त्या घरातील बाईच्या वाट्याला फक्त घाण येते. मुलांना हे जरूर सांगावे. पृथ्वी वाचवण्याच्या घोषणेपेक्षा त्यांना हे चटकन समजते आणि ते खरेही आहे.

4. खरकटे आणि पाचोळा

शालेय पोषण आहार 15 ऑगस्ट 1995 पासून देशात सुरू झाला. 2021 पासून तो पीएम पोषण या नावाने चालतो. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. साठ मुलांच्या शाळेत म्हणजे रोज 6 किलो तांदूळ शिजतो आणि 3 किलो भाजी चिरली जाते.

समजा प्रत्येक मुलाच्या ताटात शेवटी चमचाभर, म्हणजे 20 ग्रॅम, खिचडी उरली. साठ मुलांची मिळून ती रोज 1.2 किलो होते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षातून किमान 200 दिवस भरावे लागतात. तेवढ्या दिवसांत 240 किलो शिजलेले अन्न फेकले जाईल. म्हणून खतखड्ड्याआधी वाढपाकडे पाहिले पाहिजे. पहिल्यांदा थोडे वाढावे आणि हवे त्याला पुन्हा वाढावे, या एका सवयीने निम्मे काम होते. पहिलीच्या मुलाला आणि पाचवीच्या मुलाला एकच डाव भरून वाढणे हे खरकट्याचे मोठे कारण असते, आणि ते स्वयंपाकी-मदतनीस ताईंना सर्वांच्या आधी ठाऊक असते. त्यांना विचारले मात्र फार कमी वेळा जाते.

तरीही देठ, साली आणि थोडे खरकटे उरतेच. त्याचे खत कसे होते? ओला कचरा कुजतो म्हणजे सूक्ष्मजीव तो खातात. त्यांना दोन गोष्टी लागतात, ऊर्जेसाठी कार्बन आणि शरीर बांधण्यासाठी नायट्रोजन. वाळलेल्या पानांत कार्बन भरपूर असतो, हिरव्या देठांत आणि डाळ-भाजीत नायट्रोजन तुलनेने जास्त असतो. एक भाग नायट्रोजनला पंचवीस-तीस भाग कार्बन मिळाला तर कुजणे नीट चालते. हे प्रमाण कोणी तोलत बसत नाही. एक घमेले ओल्या कचऱ्यावर दोन घमेली पाचोळा, एवढा हिशेब पुरतो. तिसरी गरज हवेची. हवा नसली तर दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजीव वाढतात, ढिगाला कुजकट वास सुटतो आणि मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट अधिक उष्णता अडवतो. गावाबाहेरच्या कचरा डेपोत दाबून टाकलेल्या ओल्या कचऱ्याचे हेच होते. म्हणून खरकटे शाळेतच जिरवण्याला इतके महत्त्व आहे.

लहान शाळेला रंगाच्या 20 लिटरच्या दोन-तीन रिकाम्या बादल्या पुरतात. त्या आधी स्वच्छ धुऊन घ्याव्यात. बाजूंना आणि तळाला बोटभर अंतरावर भोके पाडायची, तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा काटक्या आणि त्यावर पाचोळ्याचा जाड थर घालायचा. मग रोजचे देठ-साली, त्यावर पाचोळा आणि मूठभर जुने खत किंवा बागेतली माती. शिजलेले अन्न थोडे आणि पातळ थरातच घालावे; तेल-मिठाने कुजणे मंदावते आणि वासाने घुशी, कुत्री येतात. झाकण हवेच. आठवड्यातून एकदा सगळे काठीने खालीवर करावे.

बादलीत काय चालले आहे, ते हाताने कळते. हातमोजा घालून मूठभर मिश्रण उचलायचे आणि दाबायचे. बोटांतून पाणी गळले तर ते फार ओले आहे, पाचोळा वाढवावा. मूठ उघडताच सगळे भुसभुशीत सांडले तर फार कोरडे आहे, पाणी शिंपडावे. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोटाने टोचताच फुटला की ओल बरोबर आहे. नाकही मदत करते. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी पडली आहे. डोळ्यांत झोंबणारा वास आला तर नायट्रोजन जास्त झाला आहे. दोन्हींवर उपाय एकच, मिश्रण हलवून त्यात कोरडी पाने घालणे. दोन ते तीन महिन्यांनी मिश्रण काळपट होते, त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो आणि देठ-साल ओळखू येत नाही. मग ते चाळून परसबागेत घालावे. पोषण आहार योजनेतही शाळेच्या परसबागेवर भर आहे. मेथी, पालक, वांगी, शेवगा यांना हे खत मानवते आणि ती भाजी पुन्हा खिचडीत पडते. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला सजीवांच्या परस्परसंबंधांचा पाठ या एका बादलीवर शिकवता येतो.

5. कागद : आधी पाठकोरा, मग रद्दी

कागद वाचवण्याचे तीन टप्पे आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये. आधी पूर्ण वापरणे, मग दुसऱ्या कामाला वापरणे आणि शेवटी रद्दीत देणे. पाठकोरे कागद, म्हणजे एका बाजूला छापलेली पत्रके आणि जुन्या नोटिसा, गणिताच्या कच्च्या कामाला आणि चित्रकलेला घेता येतात. मार्चअखेर वह्यांत कोरी पाने उरतात. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वह्यांतून मिळून दहा कोरे ताव निघाले तर तीनशे ताव होतात. एका तावाची दोन पाने धरली तर ती 600 पाने, म्हणजे दोनशेपानी तीन वह्या. ती फाडून, जाड दोऱ्याने शिवून, वर जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठ्यासारखे पान लावले की जूनसाठी कच्ची वही तयार होते. मराठी घरांत ही पद्धत कित्येक पिढ्या होती. ती पुन्हा आणायला परिपत्रकाची गरज नाही.

पाठ्यपुस्तकांचेही असेच. शासकीय आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना ती मोफत मिळतात, म्हणून वर्ष संपताच ती टाकाऊ ठरू नयेत. नीट ठेवलेले पुस्तक पुढच्या मुलाला देता येते किंवा वर्गात जादा प्रत म्हणून ठेवता येते. त्यासाठी एकच अट आहे, पुस्तकात लिहिलेले नसावे. बालभारतीच्या पुस्तकांत 2023-24 पासून नोंदींसाठी वहीची कोरी पाने जोडली गेली होती आणि 2025 मध्ये हा निर्णय मागे घेतला गेला. दप्तराचे ओझे घटावे हा त्या पानांमागचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. पण लिहून भरलेले पुस्तक धाकट्या भावंडाच्या कामाचे राहत नाही, आणि पुनर्वापराच्या बाजूने पाहिले तर वही वेगळी असणेच सोयीचे.

आता रद्दीकडे. कागद म्हणजे वनस्पतींच्या अतिशय बारीक तंतूंचा एकमेकांत गुंतलेला थर. वहीचे पान पाण्याने किंचित ओले करून हळूच फाडावे आणि फाटलेली कड उन्हात धरावी. कडेला केसांसारखे तंतू बाहेर आलेले दिसतात. कागद गिरणीत रद्दी पाण्यात घुसळून हे तंतू सुटे करतात, शाई काढतात आणि पुन्हा थर पसरतात. दर खेपेला तंतू तुटून आखूड होतात. म्हणून एकच तंतू साधारण पाच ते सात वेळाच कागद होऊ शकतो, पुढे तो फार आखूड होतो आणि निसटून जातो. चांगल्या कागदाची रद्दी पुढे पुठ्ठ्यात आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये जाते, ती याचमुळे. भारतातील कागद गिरण्यांचा मोठा भाग रद्दीवर चालतो. देशात पुरेशी स्वच्छ रद्दी गोळा होत नाही, त्यामुळे ती परदेशांतूनही आणावी लागते.

ही सगळी प्रक्रिया वर्गातही करून पाहता येते. जुन्या उत्तरपत्रिकांचे बोटभर तुकडे रात्रभर भिजवायचे, सकाळी मिक्सरमध्ये किंवा पाट्यावर वाटून त्यांचा लगदा करायचा आणि तो पाण्याच्या टबात कालवायचा. लाकडी चौकटीवर मच्छरजाळी ताणून ती टबात आडवी बुडवायची आणि सपाट वर उचलायची. पाणी गळून जाते, जाळीवर लगद्याचा पातळ थर उरतो. तो जुन्या सुती कापडावर उलटा करून दाबायचा आणि वाळवायचा. मिळणारा कागद करडा आणि खडबडीत असतो, कारण शाई पूर्ण निघालेली नसते. पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासून असलेल्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांपासून कागद करतात. कापसाचे तंतू लांब आणि मजबूत असतात, म्हणून तो कागद फार टिकतो.

प्लॅस्टिकचा थर चढवलेली आवरणे, चमकीचे कागद, तेलकट कागद आणि दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या रद्दीत मिसळू नयेत. पुस्तकांना प्लॅस्टिकऐवजी खाकी कागदाचे किंवा वर्तमानपत्राचे कव्हर घातले तर हा गोंधळ मुळातच टळतो.

6. प्लॅस्टिक

प्लॅस्टिक हा एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचे कुटुंब आहे. बाटलीच्या तळाला त्रिकोणात एक ते सात यांपैकी अंक असतो, तो प्रकार दाखवतो. पाण्याच्या बाटलीवर 1 असतो, आणि ती सहज विकली जाते. अनेक डब्यांवर 5 असतो, तेही बहुतेक ठिकाणी घेतले जातात. वेफर्सच्या पाकिटाचे मात्र कोणी काही देत नाही. त्यात प्लॅस्टिकचे पापुद्रे आणि अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. ते सुटे करणे इतके खर्चिक आहे की सहसा कोणी त्या वाटेला जात नाही.

अशी पाकिटे बाटलीत ठासून विटा करण्याचा उपक्रम अनेक शाळांत होतो. त्याने पाकिटे गटारात जात नाहीत, हे खरे. पण ही पुनर्प्रक्रिया नाही, साठवण आहे, आणि त्यासाठी विकली जाणारी चांगली बाटली खर्ची पडते. विटा भरण्याच्या हौसेने पाकिटे अधिक आणली जाऊ लागली तर उपक्रम उलटाच पडतो. पाकीट न येणे हाच उपाय खरा. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटली की प्रत्येक चॉकलेटामागे एक वेष्टन येते. त्याऐवजी केळी, राजगिऱ्याचे लाडू किंवा वर्गाच्या ग्रंथालयाला एक पुस्तक, ही पद्धत शाळा व्यवस्थापन समितीने एकदा ठरवली की पालक आनंदाने पाळतात.

कायदाही मदतीला आहे. महाराष्ट्रात 23 मार्च 2018 पासून थर्मोकोल आणि प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. देशभरात 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ठराविक वस्तूंवर बंदी आहे. शाळेशी थेट संबंध असलेल्या वस्तू त्या यादीत बऱ्याच आहेत: प्लॅस्टिकचे झेंडे, फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या, सजावटीचे थर्मोकोल, प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या आणि चमचे. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन आणि स्नेहसंमेलन यांची तयारी करताना ही यादी समोर असावी.

7. पाणी

गळका नळ आणि छप्पर, या दोन गोष्टी मोजल्या की शाळेच्या पाण्याचा हिशेब लागतो. सुमारे वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. नळ सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाचे 86,400 थेंब, म्हणजे 4.3 लिटर पाणी जाते. वर्षाचे दीड हजार लिटरहून अधिक. नळाची चकती बदलायला त्या मानाने खर्च नगण्य.

छपराचे गणित आणखी सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. समजा शाळेचे छप्पर 20 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद, म्हणजे 120 चौरस मीटर आहे. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. गुणाकार 84,000 लिटर येतो. उडून आणि सांडून जाणारे पाणी वजा जाता ऐंशी टक्के, म्हणजे 67,200 लिटर हाती लागते. साठ मुलांना हात धुण्यासाठी आणि स्वच्छतागृहासाठी दरडोई 5 लिटर धरले तर रोज 300 लिटर लागतात. या हिशेबाने ते पाणी 224 दिवस पुरावे. प्रत्यक्षात एवढे साठवायला टाकी नसते. 10,000 लिटरची टाकी असेल तर पाऊस थांबल्यावर ती 33 दिवस चालते. उरलेले पाणी शोषखड्ड्यात किंवा कूपनलिकेजवळ जिरवावे. पहिल्या पावसाचे पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, म्हणून ते टाकीत घेऊ नये. छपराचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिण्यास देऊ नये.

हात धुतलेले पाणी उताराने परसबागेकडे वळवता येते; अळू, केळ, कर्दळ या झाडांना ते चालते. घरी जाताना मुलांच्या बाटल्यांत उरलेले पाणी ओतायला फाटकाशी एक घागर ठेवली की दुसऱ्या दिवशी रोपांना तेवढे पाणी मिळते.

8. जाळू नये

शाळेच्या मागच्या कोपऱ्यात काळी पडलेली जागा अनेक ठिकाणी दिसते. पाचोळा आणि पाकिटे एकत्र पेटवली जातात आणि धूर वर्गात येतो. मोकळ्या जाळात तापमान कमी असते, ज्वलन अपुरे होते आणि काही प्लॅस्टिकमधून डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्ये बाहेर पडतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. पाचोळा जाळणे तर दुहेरी तोट्याचे, कारण खताच्या बादलीला तोच कमी पडतो.

गुवाहाटीजवळच्या पामोही येथील अक्षर शाळा 2016 मध्ये सुरू झाली, तेव्हा आसपासची कुटुंबे थंडीत उबेसाठी प्लॅस्टिक जाळत असत आणि तो धूर वर्गात भरत असे. शाळेने फीऐवजी मुलांकडून दर आठवड्याला प्लॅस्टिकच्या 25 वस्तू घ्यायला सुरुवात केली. जाळण्याची वस्तूच शाळेत जमा होऊ लागली, त्यामुळे घरातला जाळही कमी झाला.

9. सुट्टीचे वेळापत्रक

शाळेतील असे उपक्रम बहुधा मे महिन्यात मोडतात. खताची बादली उघडी राहते, रोपे वाळतात, रद्दीला वाळवी लागते. म्हणून वर्षाचा आराखडा सुट्टीपासून मागे मोजत आखावा. फेब्रुवारीअखेर एक बादली भरून बंद करावी. जूनपर्यंत ती आपोआप पिकते. मार्चनंतरचा ओला कचरा दुसऱ्या बादलीत घालावा, एप्रिलअखेर त्यावर पाचोळ्याचा वीतभर थर आणि झाकण ठेवून ती सावलीत सरकवावी. रद्दी आणि बाटल्या निकालाच्या आठवड्यात भंगारवाल्याला द्याव्यात. आलेली रक्कम वर्गाच्या फळ्यावर लिहावी आणि तिचे काय घ्यायचे ते मुलांनीच ठरवावे. परसबागेच्या पाण्याची जबाबदारी शेजारच्या घराकडे किंवा बचत गटाकडे सोपवावी. त्या काळात निघालेली भाजी त्यांची. जूनमध्ये शाळा उघडताच पहिल्या बादलीतले खत चाळून घ्यावे, म्हणजे पहिल्या पावसाला शेवग्याच्या फांद्या आणि भाजीच्या बिया लावता येतात.